उतारू आणि तीर्थ

सहलीचा कागद घरी आला तो एका जुन्या वळणाच्या आयोजकाकडून. तीन दिवस, दोन मुक्काम. नाशिक, वेरूळ, दौलताबाद, पैठण. तळाला ठळक अक्षरांत सूचना होती : सर्व उतारूंनी सकाळी ५.३० वाजता बसजवळ हजर राहावे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं ती मोठ्यानं वाचली आणि तिथंच अडली. “बसमध्ये चढायला बोलावतायत, मग उतारू कसे? चढारू म्हणायला हवं ना?”

मला हसू आलं, आणि मग प्रश्न डोक्यात घर करून बसला. लहानपणी रेल्वेच्या फलकांवर ‘उतारूंसाठी’ हा शब्द शेकडो वेळा वाचला होता, आणि असं विचारावं हे एकदाही सुचलं नव्हतं. आता पाट्यांवर ‘प्रवासी’ आले आहेत. उतारू जवळजवळ गेलाच, आणि जाताना काय घेऊन गेला हे आपण पाहिलंही नाही.

उतरणे हा शब्द संस्कृतातल्या ‘उत्’ आणि ‘तॄ’ यांच्यापासून आला. तॄ म्हणजे तरणे, पार होणे. मराठीत नदी ‘उतरायची’ म्हणजे पात्रात पाय घालून पैलतीरी जायचं. जिथं पाणी उथळ आहे, गाडी-बैल पार होतात, तिथं नदीला ‘उतार’ आहे असं गावोगाव म्हणतात. नुसत्या पायांनी पार होता येईल अशी नदी पायउतार. पुढं घोड्यावरून, पालखीतून आणि शेवटी खुर्चीवरून माणसं पायउतार व्हायला लागली. उतारू हा मूळचा नावेत बसलेला माणूस, पलीकडे निघालेला. आगगाडी आली तेव्हा मराठीनं नवा शब्द शोधण्यात वेळ घालवला नाही. नावेतला माणूस उचलून डब्यात बसवला.

मुलीला एवढं सांगून मी थांबले. शब्दाचा उरलेला अर्धा भाग नाशिकला होता.

आत्यानं मात्र निघण्याआधीच एक दुरुस्ती केली. शेजारणीला ती सांगत होती, “सहलीला नाही, यात्रेला चाललेय.” आत्याचं वय ७८. तिच्या तोंडी हे दोन शब्द कधीच एकमेकांच्या जागी येत नाहीत. ‘या’ म्हणजे जाणे, त्यावरून यात्रा. हाच शब्द प्राकृतातून रुळत आला आणि जत्रा झाला. एकाच शब्दाची ही दोन रूपं मराठीनं दोन कामांना लावली : घर सोडून लांबच्या देवाला माणूस जातो ती यात्रा, आणि आपल्याच गावच्या देवाला सगळी माणसं येतात ती जत्रा. गोव्यात ती जात्रा आहे. बंगाल-ओडिशात जात्रा म्हणजे रात्रभर चालणारं नाटक. जाणं सगळ्यांच्या मुळाशी, पण प्रत्येक भाषेनं आपापल्या जागी मांडव घातला.

कसारा चढताना गाडीत झोपलेल्यांची डोकी डुलत होती. ‘घाट’ हाही शब्द संस्कृत ‘घट्ट’वरून आलेला आहे, आणि मराठीत त्याचे दोन पाय दोन ठिकाणी आहेत. डोंगरातून चढण्या-उतरण्याची वाट तो घाट, आणि नदीत उतरण्याच्या पायऱ्या तोही घाट. सकाळी आपण एक घाट चढतो आणि दुपारी गोदेवर दुसरा घाट उतरतो, आणि भाषेला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. पाय सांभाळून वरखाली करायची जागा, एवढंच तिला सांगायचं असतं. कोकणातला माणूस ‘घाटावर गेलो’ म्हणे तो याच वाटेनं. इंग्रजांनी मात्र वाटेचा शब्द अख्ख्या पर्वतरांगेला लावला, आणि तो शाळेच्या पुस्तकातून ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्याकडे परत आला. आमच्या भूगोलाच्या बाई ‘सह्याद्री’ म्हणायच्या. मीही तेच म्हणते, आणि मुलीनंही म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

रामकुंडावर आत्यानं उजव्या हाताचा खोलगट द्रोण केला, गुरुजींनी पळीभर पाणी त्यात घातलं, तिनं ते प्यायलं आणि ओला तळवा डोळ्यांना, मग डोक्याला लावला. “तीर्थ घे गं,” ती मुलीला म्हणाली. मराठीत तीर्थ म्हणजे हे, तळहातावरचं पळीभर पाणी. तीर्थ म्हणजे क्षेत्रही. वडिलांना पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’, आणि घाईच्या पत्रात नुसतं ‘ती.’. एका गुरूकडे शिकलेले ते सतीर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर राज्याचे १८ मोठे अधिकारी म्हणजे १८ तीर्थं. पाणी, गाव, बाप, गुरू, अधिकारी, सगळ्यांना एकच शब्द कसा पुरला?

कारण तोही तॄ पासूनच आलेला आहे. तीर्थ म्हणजे नदी ओलांडायची जागा, उतार. पुण्य तिथं मागाहून आलं. माणसं जिथून पार होत, तिथं गर्दी होई, सावली लागे, स्नान होई, देव येई. जैनांचे तीर्थंकर म्हणजे संसाराच्या नदीला उतार करून देणारे. गुरू पार नेतो, बाप पार नेतो, राजाचं कामही अशा माणसांच्याच हातून पार पडतं. म्हणजे उतारू आणि तीर्थ हे सख्खे भाऊ : एक पार होणारा, दुसरी पार होण्याची जागा. सहलीच्या कागदावर ते दोघं एकाच पानावर छापलेले होते, आणि आपल्यापैकी कुणालाही त्यांच्या चेहऱ्यांतलं साम्य दिसलं नव्हतं.

याचा पुरावा पाहायचा तर पांडवलेणी चढावी लागतात. आत्या पायथ्याशी लिंबाच्या सावलीत बसली, आम्ही दोघी वर गेलो. दहा नंबरचं लेणं नहपान विहार म्हणून ओळखलं जातं. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर, छताखाली, ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी आहेत. बोट फिरवावं इतकी ती अक्षरं अजून खोल आहेत. (फिरवू नये. मुलीचा हात मी धरून ठेवला होता.) लेख उषवदाताचा, क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. आपण काय काय दान केलं ते त्यानं सांगितलं आहे. गाई आहेत, गावं आहेत; पण मला त्यात गुंतवणारा भाग प्रवाशांचा. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, इथं त्यानं उतरायच्या जागा बांधल्या, विहिरी-तळी केली. बार्णासा नदीवर तीर्थ केलं. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर प्रपा घातल्या.

फुकट नावेला त्या लेखातला शब्द आहे ‘पुण्यतर’. कोकणच्या किनाऱ्यावर आजही खाडी ओलांडायच्या नावेला ‘तर’ म्हणतात. तर चुकली की पुढच्या फेरीपर्यंत माणसं धक्क्यावर बसून राहतात. आणि प्रपा म्हणजे पोई, पाणपोईतली पोई. एका भिंतीवर तीर्थ, तर आणि प्रपा, तिन्ही प्रवाशाच्या सोयीचे शब्द, आणि तिन्ही अजून आपल्या तोंडात आहेत. उषवदाताला आपण शक क्षत्रपांच्या घरचा जावई म्हणून इतिहासात वाचतो. मला तो त्या दिवशी फार जवळचा वाटला. लोकांना पलीकडे जाता यावं, आणि जाताना त्यांना तहान लागते, हे त्याला समजत होतं.

त्याच लेखात चौथा शब्द आहे : ‘लेण’. ज्या खोदकामाला आपण लेणं म्हणतो त्याला तोही लेणच म्हणतो. डोंगरानं अंगावर घातलेला दागिना म्हणून लेणं, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, आणि ऐकायला गोडही वाटतं. पण दागिन्याचं लेणं निराळं; ते काजळ लेणे, कुंकू लेणे या क्रियापदातलं. डोंगरातलं लेणं आलं ‘लयन’वरून. ली म्हणजे चिकटून राहणे, विसावणे, दडणे. त्यातूनच लय, तल्लीन, आलय. म्हणून देवालय, विद्यालय, हिमालय. लेणं म्हणजे विसाव्याची जागा. भिक्षू नऊ महिने हिंडत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. राहत्या खोल्यांच्या त्या लेण्याला नाव मात्र पडलं ‘विहार’, म्हणजे हिंडणं. पावसात अडकलेल्या माणसानं घराला आपल्या पायांचं नाव द्यावं तसं. लेण्याबाहेरच्या खोदीव टाक्यांना उषवदात ‘पोढी’ म्हणतो. तो शब्द बोलीतून गेला. टाक्यात पाणी मात्र होतं, हिरवं, त्यावर पिंपळाचं एक पान.

वेरूळच्या वाटेवर रात्रीचा मुक्काम. मुक्काम अरबी ‘मकाम’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे उभं राहणे. उभं राहण्याची जागा ती मुक्काम. फारसीच्या वाटेनं तो इकडे आला, आणि वारीनं, फौजांनी, वऱ्हाडांनी तो इतका वापरला की मराठी खेड्याचा पत्ताच ‘मु. पो.’नं सुरू होतो. जिथं सात पिढ्या नांदल्या, शेत आहे, देव्हारा आहे, त्या गावालाही आपण मुक्काम म्हणतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण पाकिटावर ‘मु. पो.’ लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो.

वेरूळ हे नाव एलापूरचं. शेजारची येळगंगा अजून ते जुनं रूप धरून वाहते. तिथं आमच्याबरोबर आला तो परवानाधारक गाईड, साठीचा, पांढऱ्या टोपीचा. मला त्याची माहिती जेवढी आवडली त्याहून त्याचे शब्द आवडले. आकड्यांनी तो बोलतच नव्हता. पुरातत्त्व खात्यानं ३४ लेण्यांना क्रमांक दिले आहेत. त्याच्यासाठी दहावं हे सुतार लेणं, चौदावं रावणाची खाई, एकोणतिसावं सीतेची न्हाणी, सोळावं रंगमहाल. रंगमहाल म्हणजे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णाच्या काळी घडलेला.

सुतार लेण्यात तो गप्प उभा राहिला आणि वर बोट केलं. छताला दगडात कोरलेल्या फासळ्या होत्या, लाकडी तुळयांसारख्या ओळीनं वाकलेल्या. कारागीर लाकडी चैत्यगृहं बांधत आले होते. दगडात गरज नसतानाही त्यांनी तुळया कोरल्या. ते पाहून लोकांनी हे सुतारांचं काम ठरवलं, समोर बसलेल्या बुद्धाला विश्वकर्मा म्हटलं, आणि सुतार मंडळी इथं नमस्काराला येत राहिली. विद्वान याला गैरसमज म्हणतील. मला वाटतं, नाव ठेवणाऱ्यांचा डोळा पक्का होता. दगडातलं लाकूड त्यांनी ओळखलं; ते ओळखायला कला-इतिहासाला पुढं पुष्कळ पानं लिहावी लागली.

अकराव्या लेण्याचं नाव दोन ताल. तल म्हणजे मजला. “मोज बेटा,” गाईड मुलीला म्हणाला. तिनं मोजले तर तीन. तळमजला मातीनं बुजलेला होता, तो १८७६ मध्ये मोकळा झाला; नाव तोवर पक्कं झालं होतं आणि ते कुणी बदललं नाही. त्या नावात बुजलेल्या मातीची उंची अजून मोजता येते. शेजारचं बारावं ते तीन ताल, तिथं हिशेब जुळतो. ‘मजला’ हा शब्दही पायाचाच आहे. अरबीत ‘नजल’ म्हणजे खाली उतरणे. वाटसरू जिथं जनावरावरून उतरतो ती मंजिल. मराठीत तिची मजल झाली, एका दिवसात कापायची वाट, मजल-दरमजल. आणि तिथल्या उतरायच्या घरावरून घराचा थर तो मजला. मुलीनं लगेच पकडलं : “म्हणजे अरबीतसुद्धा उतारूच!” दोन भाषा, एकमेकींशी रक्ताचं नातं नाही, आणि दोघींनी प्रवाशाला उतरण्यातच ओळखलं.

कैलासाची गोष्ट गाईडनं वरच्या कड्यावरून सांगितली, शिखर पायांच्या पातळीला आल्यावर. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती आहे. अलजापूरचा (आजच्या अचलपूरचा) राजा दुखण्यातून उठला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस पाहीन तेव्हाच जेवीन, असं राणी माणिकावतीनं म्हटलं. राजा बरा झाला, आणि देवळाला वर्षं लागणार हे सगळ्यांना कळून चुकलं. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्यानं वरून खोदायला घेतलं. राणी जेवली. कळस म्हणजे ‘कलश’, भरलेला घडा. उपाशी बाईच्या गोष्टीत तो घडा आधी यावा हे मला फार योग्य वाटतं. कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे, आणि लोककथेनं ते कारण लक्षात ठेवायला एक भुकेली राणी शोधली. नवव्या शतकातल्या बडोदे ताम्रपटात तर असं आहे की एलापूरचं देऊळ पाहून ते घडवणारा स्वतःच चकित झाला, हे माझ्या हातून कसं झालं म्हणून.

दौलताबादला ऊन फार होतं आणि आत्या गाडीतच राहिली. किल्ल्यातले बहुतेक शब्द परदेशातून आलेले : खंदक, बुरूज, बालेकिल्ला (बाला म्हणजे वरचा). अंधारी, म्हणजे किल्ल्यातली भुयारी वाट, तेवढी आपली, आणि ती खरोखर अंधारी आहे. एका शब्दापाशी थोडं थांबायला हवं. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली आणि नाव दौलताबाद ठेवलं. आपण दौलत म्हणजे पैसा धरतो. अरबी मूळ धातूत अर्थ आहे फिरणे, पाळी येणे. नशिबाची फेरी, मग सत्ता, मग संपत्ती. पाळीच्या नावाचं शहर, आणि काही वर्षांतच राजधानीची पाळी पुन्हा दिल्लीला गेली. मराठीत पाळीला ‘वार’ म्हणतात. त्यातूनच वारी, पुन्हापुन्हा येणारी खेप, आणि देवळातली दर्शनबारी. वेरूळला घृष्णेश्वराच्या रांगेत दीड तास उभं राहताना आत्या शेजारच्या बाईला म्हणाली, “बारी आपली येतेच.”

गाईड हा शब्द आता इतका आपला आहे की परीक्षेच्या पुस्तकालाही तोच लागतो. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये जर्मन कुळातून, आणि फार मागं गेलं तर त्याचं मूळ आपल्या ‘विद्’पर्यंत पोचतं, वेद आणि विद्या यांच्या शेजारी. पाहिलेलं माहीत असणारा तो गाईड. आपला वाटाड्या साधा आहे, वाट जाणणारा. डोंगरात अजून तोच शब्द चालतो आणि पोथ्यांतही त्याची जात आहे. महानुभावांनी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ लिहिली. चक्रधरस्वामी कुठं उतरले, कुठं बसले, कुठल्या देवळाच्या कुठल्या दिशेला, हे तीत नोंदलं आहे. वर्णन थोडं, दिशा नेमक्या. स्वामी जिथं बसले तिथं भक्तांनी ओटे बांधले, आणि महानुभाव माणूस आजही त्या ओट्याला दंडवत घालतो. जगात प्रवासाची पुष्कळ पुस्तकं राजांनी आणि व्यापाऱ्यांनी लिहून घेतली. मराठीतलं इतकं जुनं स्थळांचं पुस्तक एक माणूस कुठं टेकला एवढ्यासाठी लिहिलं गेलं, याचा मला अभिमान वाटतो.

पैठणलाही असे ओटे आहेत. कागदावर मात्र लिहिलं होतं : पैठण, थांबा ४५ मिनिटे. पैठण हे प्रतिष्ठानचं बिघडलेलं रूप, असं शाळेत शिकवतात. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून ‘पैठाना’ आहे. बाजारात त्यानं जे ऐकलं ते लिहिलं, आणि बाजार तेव्हाही प्रतिष्ठान म्हणत नव्हता, पइट्ठाण म्हणत होता. आपण आज जे म्हणतो ते दोन हजार वर्षं लोकांनी म्हटलेलंच आहे. याला बिघडणं म्हणायला माझं मन तयार नाही. प्रतिष्ठान शब्दात ‘स्था’ आहे, उभं राहणे, मुक्कामासारखंच. याच गावातून भट्टांचं घराणं काशीला गेलं. त्यातल्या नारायणभट्टांनी काशी-प्रयाग-गयेच्या यात्रेवर ‘त्रिस्थळीसेतु’ लिहिला, आणि त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला.

पैठणीच्या दुकानात बाकीचे गेले. आम्ही तिघी तीर्थखांबाकडे गेलो. एकटा उभा, नक्षीनं भरलेला दगडी खांब. आत्यानं चपला काढल्या आणि तळवा खांबावर टेकवला, दुखऱ्या गुडघ्यावर टेकवतात तसा. खांब आला संस्कृत ‘स्कम्भ’वरून, आणि त्याचा जुळा ‘स्तम्भ’ मराठीत थांब झाला. त्यावरून थांबणे, आणि कागदावरचा तो थांबाही. मी मुलीला हे सांगत होते तेवढ्यात तिनं विचारलं, “तीर्थ म्हणजे पार व्हायची जागा आणि खांब म्हणजे थांबणं. मग या खांबाचं नाव जा-आणि-थांब असं आहे?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अजून वीस मिनिटं होती. आत्याला गंगेत पाय घालायचे होते. गोदेला ती गंगाच म्हणते. नाथांच्या मंदिरामागच्या घाटाच्या खालच्या चार पायऱ्यांना पाणी लागलेलं होतं, त्यांवर शेवाळ. तिनं लुगड्याचा घोळ एका हातानं वर धरला आणि दुसरा हात पुढं केला. मुलगी आधी एक पायरी पाण्यात गेली, पाय घट्ट रोवून उभी राहिली आणि तिनं तो हात धरला.

“आजी, हळू उतर,” ती म्हणाली.